छाटीतली मुलगी : सोलापुरातल्या एका प्रकरणाचा अभ्यास

त्या पहिल्यांदा माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या तेव्हा पर्समध्ये एक वही होती. वही म्हणजे वहीचे दोन तुकडे. सहावीतल्या मुलाची मराठीची वही, मधोमध फाडलेली. माझ्यासमोर टेबलावर ठेवून म्हणाल्या, "मॅडम, हे मी केलंय. आणि मग त्याला मारलंय. चार दिवस कपाटात लपवून ठेवली होती. टाकवत पण नाही आणि बघवत पण नाही."

त्यांना मी इथं 'अक्का' म्हणते. सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली या विणकर समाजाच्या वस्तीत, वयानं जरा मोठ्या असलेल्या कुठल्याही बाईला ही हाक मारतात. सत्रांमध्येही मी त्यांना हीच हाक मारत होते. लेखासाठी त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सोलापूर एवढं मोठं नाही की नुसतं नाव बदललं की माणूस झाकला जाईल.

अक्कांचं वय ३८. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. आपल्या शहरातल्या हजारो घरांची हीच गोष्ट आहे. गिरण्या बंद पडल्या, मागांचं काम कमीजास्त होत राहिलं, पण बाईचं सूप आणि त्यातली तेंदूची पानं यांवर चूल पेटत राहिली. अक्का बारावीपर्यंत शिकल्या, लग्न झालं, आता शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात चेकिंगला आहेत. शिवून आलेला नग उजेडात धरायचा, शिवण, काज, बटण बघायचं, चुकीचा असेल तर बाजूला फेकायचा. या कामात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. मालकही म्हणतो, अक्कांच्या नजरेतून काही सुटत नाही.

सुटत नाही हेच घरी जड जात होतं. रोज रात्री मुलाच्या वह्या तपासायच्या. अक्षर वाकडं दिसलं की पान फाडून पुन्हा लिहायला लावायचं. एका वहीची पानं निम्मी झाली होती. मुलगा लिहिताना हात आखडून बसायला लागला, आणि घटक चाचणीच्या आदल्या रात्री तीन ओळी चुकल्यावर अख्खी वहीच फाटली. मारल्यावर तो रडला नाही. अक्का म्हणाल्या, "तो रडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त माझ्या हाताकडे बघत होता."

मग रात्री एक वाजता त्या स्वयंपाकघरात उभ्या. कुकरमधला उरलेला भात, त्यावर शेंगाचटणी, उभ्यानं, दिवा न लावता, पोट दुखेपर्यंत. आठवड्यातून तीन-चारदा असं व्हायचं. नंतर अंथरुणात पडल्यावर पहाटेपर्यंत डोक्यात हिशोब: आज काय चुकलं, किती चुकलं, कोणाला कळलं.

आधी तपासायचं ते

कुठलीही पद्धत वापरण्याआधी काही प्रश्न सरळ विचारावे लागतात. जगणं नकोसं वाटतं का, हा त्यातला पहिला. अक्का म्हणाल्या, "कधी कधी वाटतं, सकाळी उठूच नये. पण पोरगं आहे." ठरवलेला काही बेत नव्हता, पूर्वी तसं काही केलेलं नव्हतं. तरीही तसं वाटलं तर कोणाला सांगायचं हे आम्ही कागदावर लिहिलं आणि त्याखाली सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहिला. तो त्यांनी फ्रिजवर न चिकटवता डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. सासूबाई बघतील म्हणून. मला ती युक्ती आवडली.

मुलाच्या सुरक्षिततेबद्दलही पहिल्याच दिवशी बोललो. आतलं काम होईपर्यंत मुलगा मार खात राहील, असं चालणार नव्हतं. ठरलं ते असं: पुढचे दोन महिने वह्या नवरा बघेल, आणि अक्का त्या वेळी दुसऱ्या खोलीत नव्हे तर गच्चीवर असतील. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, रक्ताची तपासणी झाली, झोपेसाठी आणि उदासपणासाठी काही महिने गोळ्या सुरू झाल्या. पुढे जे लिहिते आहे ते त्या गोळ्यांच्या जोडीनं झालेलं आहे, त्यांच्याऐवजी नाही.

एक मन आणि दुसरं मन

अक्कांनी पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा म्हटलं होतं, "एक मन म्हणतं पोराला जवळ घ्यावं, आणि एक मन म्हणतं, घेतलंस की बिघडेल." आपली भाषाच अशी आहे. मन खातं, मन धजत नाही, मन मोडतं, मनाची समजूत काढावी लागते. आतमध्ये एकाहून जास्त जण राहतात हे मराठी माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

याच साध्या बोलण्याकडे रिचर्ड श्वार्ट्झ या अमेरिकन कुटुंब-उपचारतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात शिकागोमध्ये लक्ष दिलं. त्यांच्याकडे येणाऱ्या तरुण मुलींना भरमसाट खाऊन ओकून टाकण्याचा आजार होता. कुटुंबातली नाती सुधारली तरी खाणं थांबेना, म्हणून त्यांनी मुलींनाच विचारलं, तेव्हा आत काय होतं? मुली सांगू लागल्या: एक भाग मला नावं ठेवतो, ते ऐकून दुसऱ्या एका भागाला अगदी एकटं, निरुपयोगी वाटतं, ते सहन होत नाही म्हणून तिसरा येऊन खायला लावतो, मग पहिला पुन्हा नावं ठेवतो. श्वार्ट्झ यांना ही रचना ओळखीची वाटली. घरातली माणसं जशी एकमेकांना धरून, एकमेकांविरुद्ध, एकमेकांसाठी वागतात, तसंच हे. त्यातून 'इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स' म्हणजे आतल्या कुटुंबाची उपचारपद्धती उभी राहिली.

पद्धतीत तीन प्रकारचे भाग मानतात. मी त्यांना माझ्या खोलीत मराठी नावं दिली आहेत. कारभारी: जे दुखू नये म्हणून आधीच सगळं आवरून, मोजून, ताब्यात ठेवतात. बंबवाले: दुखणं वर आलंच तर धावत येऊन पाणी मारतात, मग घर भिजलं तरी चालेल, खाणं, दारू, संताप, तासन्‌तास मोबाइल. आणि कोंडलेले: बहुतेकदा लहान वयाचे, ज्यांच्याकडे ते दुखणं आहे आणि ज्यांना बाकीच्यांनी आतल्या खोलीत बंद करून ठेवलंय. पद्धतीचं म्हणणं असं की यातला कोणीच वाईट नाही. वाईट आहेत त्यांच्यावर पडलेली कामं आणि त्यांच्या पाठीवरची ओझी.

या सगळ्यांपलीकडे प्रत्येकात एक शांत, कुतूहल असलेली, माया करू शकणारी जागा असते, तिला श्वार्ट्झ 'सेल्फ' म्हणतात. याचं भाषांतर मी 'आत्मा' असं करत नाही. आत्मा म्हटलं की समोरचा माणूस हात जोडतो, प्रवचनाच्या सुरात बोलू लागतो आणि स्वतःपासून लांब जातो. मी 'घरची मोठी' म्हणते. अक्कांना ते लगेच कळलं. "म्हणजे भांडण सोडवणारी. जी कोणाचीच बाजू घेत नाही ती."

संशोधनाबद्दलही प्रामाणिक राहायला हवं. संधिवाताच्या रुग्णांवर या पद्धतीची एक नियंत्रित चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यात वेदना, हालचाल, उदासपणा आणि स्वतःविषयीची माया यांत सुधारणा दिसली. पण विचार आणि वर्तन बदलणाऱ्या उपचारांच्या मागे जितका मोठा अभ्यास उभा आहे, तितका या पद्धतीच्या मागे अजून नाही. ज्यांना भास होतात, वास्तवाचं भान सुटलेलं असतं, त्यांच्याबरोबर हे काम फार जपून करावं लागतं किंवा करूच नये. मी ती इथं निवडली कारण अक्का आधीच त्या भाषेत बोलत होत्या.

चौथ्या सत्रातली माझी चूक

तिसऱ्या सत्रात अक्कांनी डोक्यातल्या त्या हिशोबवाल्या आवाजाला नाव दिलं: 'मोजणारी'. ती सतत मोजते. नग, चुका, पोळ्या, मार्क, लोकांनी किती वेळा हसून बघितलं. मी नेहमीचा प्रश्न विचारला, "या मोजणारीबद्दल तुम्हाला आत काय वाटतं?" अक्का म्हणाल्या, "गळा दाबावा असं वाटतं."

हा प्रश्न या पद्धतीचा कणा आहे. उत्तर राग, भीती, किळस असं आलं, तर बोलतोय तो दुसराच कोणीतरी भाग. घरची मोठी अजून आलेली नाही. तेव्हा थांबायचं, रागावलेल्या भागाला थोडं बाजूला बसायला सांगायचं, मगच पुढे जायचं. हे मला माहीत होतं. तरी चौथ्या सत्रात मी थांबले नाही. अक्का बोलता बोलता एका लहान मुलीबद्दल बोलल्या, डोळे भरले, आणि मला वाटलं, हीच ती वेळ. मी मोजणारीला ओलांडून थेट त्या मुलीकडे गेले. अक्का खूप रडल्या. जाताना म्हणाल्या, "हलकं वाटलं."

त्या रात्री त्या तीनदा उठून खात राहिल्या. दुसऱ्या दिवशी कारखान्यात एका नवीन मुलीवर सगळ्यांसमोर ओरडल्या. पुढची दोन सत्रं त्यांनी निरोप न देता चुकवली.

श्वार्ट्झ स्वतःची अशीच एक चूक सांगतात. स्वतःला इजा करणाऱ्या एका मुलीसोबत बसून त्यांनी तो इजा करणारा भाग दटावून गप्प केला, आणि पुढच्या वेळी ती चेहऱ्यावर जखम घेऊन आली. तेव्हा त्यांनी जोर करणं सोडलं आणि त्या भागाला फक्त विचारलं की तू हे का करतोस. मी हा प्रसंग कितीतरी वेळा वाचला होता. वाचलेलं हाताशी आलं नाही, कारण माझ्याही आत एक घाई होती: लवकर बरं करून दाखवण्याची. नवऱ्यानं मुलाच्या वह्या बघण्याची मुदत संपत आली होती, मुलगा डोळ्यांसमोर येत होता. घाई चांगल्या हेतूची होती, पण खोलीत बसलेल्या बाईच्या वेगाची नव्हती.

मी फोन करून फक्त एवढंच म्हटलं, "अक्का, मागच्या वेळी मी घाई केली. ती चूक माझी. तुम्हाला यावंसं वाटलं तर वेळ राखून ठेवली आहे." त्या आल्या. पाचवं सत्र अख्खं माफी मागण्यात गेलं. अक्कांची नव्हे, मोजणारीची. मी अक्कांना म्हटलं, "तिला सांगाल का, की तुला न विचारता दार उघडलं, यापुढे तुझ्या परवानगीशिवाय कोणी आत जाणार नाही?" अक्का डोळे मिटून बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ती म्हणतेय, बघू."

बोटांचं काम

पहिल्या दिवसापासून मी एक गोष्ट बघत होते आणि तिचा अर्थ मला लागत नव्हता. अक्का बोलताना त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर सरकत राहायचा, सावकाश, एकाच दिशेनं. मी त्याला अस्वस्थपणा समजत होते.

सहाव्या सत्रात विचारलं, "मोजणारी शरीरात कुठे जाणवते?" बहुतेक जण छाती, पोट, कपाळ सांगतात. अक्कांनी डोळे न उघडता उजवा हात वर केला. "इथे. बोटांत." आणि अंगठा पुन्हा सरकला. त्याच क्षणी आम्हा दोघींनाही कळलं की हात विडी वळतोय.

ज्यांनी हे काम बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तेंदूची पानं रात्री भिजवायची, सकाळी साच्यावर धरून कात्रीनं कापायची, तुकड्यावर चिमूटभर तंबाखू पसरायची आणि अंगठा-तर्जनीच्या एका सरकेत वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे. मजुरी हजारावर मिळते, म्हणून घरात दिवसभर एकच प्रश्न असतो: किती झाल्या? दुसऱ्या दिवशी माल कारखान्यात न्यायचा. तिथला माणूस कट्टा सोडून बघतो आणि सैल, आखूड, फुटलेली विडी बाजूला फेकतो. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे नाहीत. किती छाट काढावी याला कायद्यानं मर्यादा घातलेली आहे, पण टेबलापलीकडे उभ्या असलेल्या बाईला ती मर्यादा दिसत नाही, तिला फक्त वाढत चाललेला ढीग दिसतो.

मी अक्कांना मोजणारीला दोन प्रश्न विचारायला सांगितले. पहिला: तू मोजणं थांबवलंस तर काय होईल? उत्तर चटकन आलं, "छाट होईल." दुसरा: तुला अक्कांचं वय किती वाटतं? इथं मोठी शांतता. मग अक्का एकदम वेगळ्या, बारीक आवाजात म्हणाल्या, "नऊ."

२९ वर्षं मोजणारी एका नऊ वर्षांच्या मुलीला वाचवत होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की ती मुलगी मोठी झाली, तिला पगार मिळतो, तिच्या घरात विडीचं सूप नाही. अक्कांनी त्या दिवशी तिला हे सांगितलं. कसं, तर आतल्या आत तिला आपलं घर दाखवलं, एकेक खोली. गॅस, फ्रिज, मुलाची सायकल. मी पुन्हा तोच प्रश्न विचारला, "आता तिच्याबद्दल काय वाटतं?" अक्का म्हणाल्या, "दमलीये हो ती. तिला कोणी चहा पण नाही विचारला." अंगठा थांबला होता.

'पाप'

पुढचे दोन महिने कोंडलेल्या मुलीकडे गेलो नाही. बंबवाल्यांशी ओळख करून घेतली. रात्रीचं खाणं कशासाठी हे विचारल्यावर तो भाग म्हणाला, पोट भरलेलं असलं की मुलगी गप्प बसते. संतापाला मी आधी कारभारी समजत होते, पण तोही बंबवालाच निघाला: चूक दिसली की छाटीची भीती उसळते आणि ती जाणवायच्या आत तो वही फाडून टाकतो. एक भाग मात्र अनपेक्षितपणे आडवा आला. "अम्माबद्दल एक शब्द वाईट बोलायचा नाही," असं बजावणारा. त्याला आम्ही वचन दिलं की इथं अम्मावर खटला चालणार नाही. अक्का म्हणाल्या, "अम्मानं विड्या वळल्या म्हणून मी बारावी झाले. ते खरंच आहे मॅडम." मीही म्हटलं, खरंच आहे. ते वचन दिल्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं.

याच दरम्यान घरात एक प्रसंग घडला. अक्का नवऱ्याला सहज म्हणाल्या की माझ्या आत एक मुलगी बोलते. त्या रात्री सासूबाईंनी नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, हिच्या अंगात येतंय का, कुठे दाखवू या का? नवरा घाबरून मला भेटायला आला. मी त्याला विचारलं, "तुम्ही कामावर जसे बोलता तसे आईशी बोलता का? मित्रांत जसे असता तसे मुलासमोर असता का?" तो हसला. "नाही ना." "मग आत्ता घाबरून आलेला तो कोण, आणि हसला तो कोण? दोघंही तुम्हीच. तसंच हे." ज्यांची स्मृती तुटते, ज्यांना आपण कुठे होतो ते आठवत नाही, तो वेगळा, गंभीर आजार असतो, अक्कांना सगळं आठवत होतं, भान कधीच सुटलं नव्हतं. पुढच्या सत्रांत मी सांगायला शिकले: घरी बोलताना 'आतली मुलगी' न म्हणता 'माझं लहानपण' म्हणा.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मोजणारीनं परवानगी दिली. सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा सुरू होती, होम मैदानावर गर्दी होती, माझ्या खिडकीतून पाळण्यांचे भोंगे ऐकू येत होते. अक्कांनी डोळे मिटले. मुलगी दिसायला वेळ लागला नाही. विडी कारखान्याच्या पायरीवर, फ्रॉकमध्ये, हाताला तंबाखूचा वास.

मी विचारलं, "ती स्वतःला काय म्हणवते?" अक्का म्हणाल्या, "पाप."

माझ्या पोटात कालवलं. नऊ वर्षांचं लेकरू स्वतःला पाप म्हणतंय, असं वाटून मी त्याच वाटेनं बोलू लागले: ती पाप नाही हे तिला सांगाल का, वगैरे. अक्कांनी डोळे उघडले. "नाही मॅडम. पाप म्हणजे तुमचं पाप नाही. आमच्यात छोट्या मुलीला पाप म्हणतात. अम्मा तशी हाक मारायची." तेलुगूत शेवटचा 'प' पूर्ण उच्चारतात. मी इतकी वर्षं या शहरात राहून तो नीट ऐकला नव्हता. मी त्यांना म्हटलं, मग तिच्याशी तुमच्या भाषेतच बोला, मला कळलं नाही तरी चालेल. त्यानंतरचं बरंचसं तेलुगूतच झालं. मी फक्त श्वास बघत बसले. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत राहतात, आणि दुखणं ज्या भाषेत घडलं त्याच भाषेत ते ऐकायला येतं, हे मला अक्कांनी शिकवलं.

नंतर त्यांनी मराठीत सांगितलं ते असं. अम्माला ताप होता. आदल्या दिवशीच्या निम्म्या विड्या पापनं वळल्या होत्या. कारखान्यात कट्टे सुटले, मूठभर विड्या जमिनीवर पडल्या, मग आणखी मूठभर. बाहेर आल्यावर अम्मानं रस्त्यात, बायकांच्या देखत, थोबाडीत मारली. "तुझ्यामुळं आजचा दिवस गेला." पाप रडली नाही. अम्माच्या हाताकडे बघत राहिली.

हे सांगताना अक्का थांबल्या. मुलाचा चेहरा त्यांना आठवला होता. मी काहीच बोलले नाही.

अशी आठवण म्हणजे न्यायालयातला पुरावा नव्हे, हे मी इथं नोंदवते. तपशील इकडेतिकडे झालेले असू शकतात. उपचारात महत्त्व आहे ते मुलीनं त्यातून काय उचललं याला. तिनं उचललं होतं ते ओझं एवढंच: माझ्यामुळं घर बुडतं.

मी विचारलं, तिला तुमच्याकडून काय हवंय? अक्का पायरीवर तिच्या शेजारी जाऊन बसल्या, बराच वेळ. मग हात धरून म्हणाल्या, "इंटिकि पोदाम, पाप." घरी जाऊ या.

या टप्प्यावर ओझं उतरवायला सांगतात. पाणी, आग, वारा, माती, उजेड, ज्यात टाकावंसं वाटेल त्यात. सोलापूर, संक्रांतीचा आठवडा, बाहेर गड्डा. माझ्या मनात होमाच्या आगीशिवाय दुसरं काही नव्हतं. नशीब की मी सुचवलं नाही. अक्का म्हणाल्या, "नळ. पाणी आलेल्या दिवसाचा नळ." आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं, आणि लहानपणी हातावर जरा जास्त घेतलं तरी ओरडा बसायचा. अक्कांनी पापला नळाखाली उभं केलं, तोटी पूर्ण सोडली आणि तिचे हात धुतले. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या खालून. वास जाईपर्यंत. बालदी भरून वाहिली तरी तोटी बंद केली नाही.

त्यानंतर

पुढच्या महिन्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही आणि तेच चांगलं आहे. रात्रीचं खाणं आठवड्यातून तीन-चारदाचं महिन्यातून एकदोनदावर आलं. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी झाल्या. अक्कांनी मुलाला समोर बसवून सांगितलं, "तुझी वही फाडली ती चूक माझी होती. तुझ्या अक्षराची नव्हती." मुलानं विचारलं, "परत फाडशील?" त्या म्हणाल्या, "राग येईल. आला की मी गच्चीवर जाईन." दोनदा गेल्या. एकदा नाही जमलं, ओरडल्या, पण हात उचलला नाही. मोजणारीला नवं काम दिलं: घरातल्या पाण्याचा हिशोब. ते तिला आवडलं आणि घरालाही उपयोगी पडलं.

कारखान्यातली ती नवीन मुलगी आता अक्कांच्या शेजारी बसते. चुकीचा नग बाजूला फेकण्याऐवजी अक्का तिला दाखवतात, कुठली टीप सुटली.

मे महिन्यात शाळा उघडण्याआधीच्या गणवेशांची गर्दी सुरू झाली तेव्हा अंगठा पुन्हा सरकायला लागला. अक्कांनीच फोन करून सांगितलं, "सुरू झालं मॅडम. मालाचा सीझन आहे." आवाजात घाबरणं नव्हतं. विचारलं, काय केलंत? "डाव्या हातानं धरून ठेवला थोडा वेळ. तिला म्हटलं, कळलं मला."

जूनमध्ये शेवटचं ठरलेलं सत्र झालं. त्याच्या आदल्या रविवारी अक्का अम्माकडे गेल्या होत्या. अम्मा आता थकली आहे, खोकला आहे, तरी पाचशेभर विड्या अजून वळते. अक्कांनी त्या दिवसाबद्दल विचारलं. मी तसं सुचवलेलं नव्हतं, आणि ऐकताना मला थोडी धास्ती वाटली.

अम्माला ते आठवतही नव्हतं. कितीदा छाट व्हायची, कुठली कुठली लक्षात ठेवायची? मारल्याचं सांगितल्यावर गप्प बसली. मग पानं कापता कापता म्हणाली, माझ्यापण होत्या त्यात. ताप होता मला, हात थरथरत होता. एकदा कट्टा बांधला की त्यातली कोणाची कुठली, कोण सांगणार?

अक्का माझ्याकडे बघत होत्या. मी विचारलं, "पापला सांगितलंत हे?"

"त्याच रात्री सांगायला गेले."

"काय म्हणाली?"

"झोपली होती हो. उठवलं नाही मी."